म्हातारीने बकरी का विकली

व्हाय डिड द ओल्ड वूमन सेल हर गोट? म्हातारीने आपली बकरी का विकली?

बिकॉज दे रिटर्न टु द हाइव्ह बिफोर सनसेट. कारण त्या सूर्य मावळायच्या आत पोळ्याकडे परततात.

हे उत्तर नाशिकच्या पोरांनी तीन वर्षं पाठ केलं. एका सुरात, पुढेमागे झुलत, पाढे म्हणतात तसं. वहीत त्यावर लाल शाईची बरोबरची खूण मिळवली. एकानेही विचारलं नाही की बकरीचा आणि पोळ्याचा संबंध काय. मी हे खात्रीने सांगू शकतो, कारण ते उत्तर त्या जागी बसवणारा मीच होतो.

माझं गाव शिरपूरच्या पुढे, तापीकाठी. घरची बोली अहिराणी, त्यामुळे शाळेतलं मराठीसुद्धा मला पहिल्या दिवशी परकंच होतं. इंग्रजीला जे गुरुजी होते ते आमच्याकडून स्पेलिंगं ओरडून घेत आणि स्वतः खिडकीतून बाहेर बांधलेल्या म्हशीवर लक्ष ठेवत. आम्ही इतक्या जोरात ओरडायचो की म्हशीलाही बटरफ्लाय यायला हरकत नव्हती. आठवीतून मी शाळा सोडली. कारण सांगण्यासारखं काही नाही. सोडण्यासारखी होती, सोडली.

पुढे चारपाच वर्षं शेतावर राबलो आणि मग गावचा एक माणूस नाशकात भद्रकालीकडच्या एका छापखान्यात मशीनवर होता, त्याने मला तिथे चिकटवलं. मालकांनी राहायला माळा दिला, काम शिकवलं. त्यांच्याविषयी वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. परक्या गावात ज्याने छप्पर दिलं त्याचे उपकार फिटत नाहीत, आणि ते कधी काढून घेतील ही भीतीही फिटत नाही. त्या माळ्यावर मी सात वर्षं राहिलो. मालकांनी हाक मारली की पहिला विचार एकच यायचा: काय चुकलं?

काम खिळे जुळवायचं. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलून ओळ करायची. मराठी खिळ्यांची पेटी, आमच्या भाषेत केस, म्हणजे खणांचा समुद्र. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. इंग्रजीची म्हणजे सव्वीस लहान, सव्वीस मोठी, संपलं. इंग्रजी काम आलं की जुने कंपोझिटर तंबाखू मळत म्हणायचे, "घ्या, सुट्टी आली." मी सहा महिन्यांत इंग्रजी जुळवायला शिकलो. वाचायला नव्हे, जुळवायला. हस्तलिखितात जो आकार दिसेल तो खिळा उचलायचा. खिळे उलटे असतात, त्यामुळे मला इंग्रजी उलटं ओळखू यायचं, सुलटं नाही.

आमच्याकडचं मोठं इंग्रजी काम म्हणजे दहावीचं एक गाईड. त्याचे लेखक गावात क्लास चालवत. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. सफारी, खिशाला तीन पेनं, त्यातलं एकही लिहिण्याचं नाही. सरांचं लेखनसाहित्य म्हणजे एक कात्री आणि डिंकाची बाटली. जुन्या चारपाच गाईडांतून कापायचं, कोऱ्या कागदावर चिकटवायचं आणि वर स्वतःचं नाव लिहायचं. ते नाव मात्र हाताने लिहीत, वळणदार. पाचशे विरुद्धार्थी शब्द, तीनशे समानार्थी, पोस्टमास्तरांना मनीऑर्डर हरवल्याचं पत्र, 'माय मदर'वर पंधरा ओळी आणि तीस उतारे. प्रत्येक उताऱ्याखाली चार प्रश्न आणि चार उत्तरं. पोराला आपल्या आईविषयी पंधरा ओळी सांगायलाही हा माणूस लागत होता, आणि पोरं त्या घोकत होती. सगळ्यांच्या आया पहाटे पाचला उठत आणि देवाला फुलं वाहत.

चूक अशी झाली. उतारे आणि उत्तरं आम्ही वेगवेगळी जुळवली होती. जुळवलेलं मॅटर दोऱ्याने बांधून ठेवायचं आणि पानं करताना एकाखाली एक बसवायचं, अशी पद्धत. बाराव्या उताऱ्याची उत्तरं पाच ओळींची. सतराव्याचीही पाच ओळींची. दोन्हींची सुरुवात 'बिकॉज'ने. त्यांवर लावलेल्या चिठ्ठ्या ट्रेडल मशीनच्या हादऱ्याने खाली पडल्या. मी त्या उचलल्या आणि अंदाजाने परत लावल्या. बारावा उतारा म्हातारीचा आणि बकरीचा, सतरावा मधमाश्यांचा. मला काय ठाऊक! माझ्या लेखी दोन्ही शिसंच. पानांचं प्रूफ काढायची मालकांची पद्धत नव्हती, वेळ जातो म्हणून. गाईड छापलं, शिवलं, दुकानात गेलं.

आता बाईंबद्दल सांगतो. आमची प्रूफं एक बाई तपासत. देवळाली कॅम्पातल्या लष्करी दवाखान्याच्या ऑफिसात त्या टायपिस्ट होत्या, निवृत्त झालेल्या. आठवड्यातून तीनदा बसने येत, पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट. इंग्रजी त्यांना असं यायचं की मालक त्यांच्याशी बोलताना उभे राहत. मला त्या 'खानदेशी' म्हणत.

एकदा त्यांनी विचारलं, "खानदेशी, किती शिकलास?"

"आठवी सोडली, बाई."

"हात चांगला आहे तुझा. सरकारी छापखान्यात कंपोझिटर घेतात. कायमची नोकरी, राहायला क्वार्टर. पण दहावी पास पाहिजे. सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस परीक्षेला."

कायमची, या शब्दावर मी विरघळलो. माळ्यावर राहणाऱ्या माणसाला त्या शब्दाची किंमत विचारा. बाकीचे विषय मी काढले असते, अडत होतं ते एका इंग्रजीवर. पस्तीस मार्क. त्या पस्तिसांच्या पलीकडे क्वार्टर होतं, दार होतं, दाराला माझं कुलूप होतं.

सरांनी क्लासला बसू दिलं. म्हणाले, "तू आपलाच माणूस. माझी पुस्तकं छापतोस." क्लास एका लॉजच्या गच्चीवर, पत्र्याखाली. संध्याकाळी सातला आमची बाहेरून बसणाऱ्यांची बॅच. शेजारी मालेगावचा एक जण बसायचा. यंत्रमागावर काम करून कानांना कमी ऐकू यायला लागलं म्हणून इकडे सायकलच्या दुकानात आलेला. त्याने माझं नाव 'छापखाना' ठेवलं. वाचायला कोणी शिकवत नव्हतं. सर आकडा पुकारायचे, "उतारा बारा, प्रश्न पहिला!" आणि आम्ही चाळीस घोडे सुरात उत्तर द्यायचो. पोरांचं एक वेळ समजू शकतो. आमच्यात लेकुरवाळ्या बाया होत्या, मिशावाले हवालदार होते. तेही झुलत होते. मीही झुललो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाई माझी तयारी घेत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बारावा उतारा काढ. काय आहे यात?"

"कितवा प्रश्न, बाई?"

"प्रश्न नाही विचारला. उताऱ्यात काय आहे?"

"चार प्रश्न आहेत, बाई."

"माणूस आहेस की गाईड? बरं. म्हातारीने बकरी का विकली?"

मी एका दमात सांगून टाकलं. बाईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. शाबासकी मिळेल अशा आवाजात.

बाई हसायला लागल्या. चष्मा काढून पदराने डोळे पुसले, परत हसल्या. "पोळ्याकडे परततात! बकरीला पंख होते का रे?" मग त्यांनी पान ओढून घेतलं, सतरावा उतारा काढला, तिथे मधमाश्या अंधारात बाहेर का दिसत नाहीत याचं उत्तर म्हणून म्हातारीची हकिकत होती. बाईंचं हसू थांबलं.

"मी तपासलं तेव्हा उत्तरं वेगळी होती. ही पानं कोणी बांधली?"

मी खाली बघितलं. "मीच."

"किती वर्षं झाली?"

"तिसरं चालू आहे."

बाईंनी डबा बाजूला केला. शब्दकोश माझ्यापुढे सरकवला. "आता वाच. एकेक शब्द. पोरांना तू काय शिकवलंस ते तरी कळू दे तुला."

आठवडा लागला. बारा ओळींना सहा दुपारी. पण सहाव्या दुपारी मला कळलं. म्हातारीची नजर मंदावली होती. बकरी माळावर भरकटली की तिला सापडेना. म्हणून तिने ती शेजाऱ्याला विकली, लांबच्या गिऱ्हाइकाला नाही. म्हणजे गळ्यातली घंटा तरी रोज ऐकू येईल. मी गाईड मिटलं. माझ्या आईकडेही बकरी होती, आणि आईलाही संध्याकाळी दिसत नसे. दिवाळीला घरी गेलो की ती माझा चेहरा हाताने चाचपायची आणि विचारायची, "तुले इंग्रजी येस का रे भाऊ?" मी हो म्हणायचो.

सांगायचं ते हे, की माणसाला काहीतरी सांगावं म्हणून कोणीतरी कुठेतरी त्या बारा ओळी लिहिल्या होत्या. मग त्या कात्रीत सापडल्या, डिंकात सापडल्या, माझ्या हातात सापडल्या, आणि हजार पोरांच्या तोंडातून गेल्या. कोणाच्याही कानावर ती घंटा पडली नाही.

बाई म्हणाल्या, "सरांना जाऊन सांग. दुसऱ्याने सांगायच्या आत."

रात्री झोप नाही, दिवसा हात चालेना. मालकांना कळलं तर माळा गेलाच. शेवटी क्लास सुटल्यावर गच्चीच्या जिन्यात सरांना गाठलं आणि पान दाखवलं. सरांनी बारावा वाचला, सतरावा वाचला. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच वाचला. मान लाल झाली.

"कोणी काही म्हणालं?"

"नाही सर."

"पालक? शाळांतले शिक्षक? कोणीच?"

"कोणीच नाही."

तशी मान परत होती त्या रंगाची झाली. सरांनी गाईड मिटून माझ्या हातात दिलं. "मग चूक कुठे आहे? अरे बाळा, तू कंपोझिटर ना? कंपोझ कर. आणि परीक्षेत असा वाचत बसलास तर पेपर कधी सोडवशील? प्रश्नातला मोठा शब्द धरायचा. तो उताऱ्यात शोधायचा. जिथे सापडेल ते वाक्य पहिल्या अक्षरापासून टिंबापर्यंत उतरवून काढायचं. अर्थाच्या नादाला लागलेली पोरं मी दर वर्षी नापास होताना बघतो."

"मालकांना सांगू का, सर?"

"त्यांनी वाचलंय का?"

"नाही."

"मग?"

मी वाकून त्यांच्या पाया पडलो. लिहिताना लाज वाटते, पण पडलो. माळा वाचला होता. ज्याचा तिरस्कार करायचा त्याचेच आभार मानायची पाळी माझ्यावर आयुष्यात बऱ्याचदा आली, ही त्यातली पहिली.

पुढच्याच महिन्यात क्लासची सराव परीक्षा झाली आणि नेमका बारावा उतारा आला. मला आता उत्तर येत होतं. खरं उत्तर. मोडक्या इंग्रजीत लिहिलं: शी आइज इज वीक. शी वाँट हिअर बेल. पेपर तपासायचं काम सर वरच्या बॅचमधल्या एका पोराकडे देत. तो मांडीवर गाईड उघडं ठेवून तपासायचा. माझ्या उताऱ्याला शून्य.

"हे कुठून आणलं, काका?" पोरगं म्हणालं. "गाईडात नाहीये."

"उताऱ्यात आहे की."

"उताऱ्यातलं नाही, गाईडातलं लिहायचं."

सगळी बॅच हसली. मालेगाववाला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अरे छापखाना, तूने ही छापा और तू ही नहीं मानता! बकरी बिके या उड़े, अपने को पैंतीस चाहिए."

मार्चमध्ये खरी परीक्षा. उतारा न पाहिलेला होता. एका गावात घड्याळाला किल्ली देणारा एक माणूस, तो गावचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवी, म्हणजे लोकांची पलीकडे जाणारी नाव चुकू नये. मी तो वाचला. दोनदा वाचला. तो माणूस मरतो आणि नवा माणूस घड्याळ बरोबर लावतो, तेव्हा अर्धं गाव धक्क्यावर उभं राहून गेलेल्या नावेकडे बघतं. तिथे मला परीक्षेच्या हॉलमध्ये हसू आलं आणि हॉलवरच्या सुपरवायझर बाईंनी डोळे वटारले. सगळी उत्तरं मी माझ्या मनाने लिहिली. मग घंटा झाली. विरुद्धार्थी शब्द, पोस्टमास्तरांना पत्र, माय मदर, सगळं कोरं.

दुसऱ्या दिवशी बाईंना ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. त्या डबा खायच्या थांबल्या होत्या. म्हणाल्या, "खानदेशी, तू वाचायला लागलास रे!" असं कौतुक माझं कोणी केलं नव्हतं. आजही ते वाक्य मी जपून ठेवलंय.

निकालात इंग्रजीत एकोणतीस. मालेगाववाल्याला त्रेचाळीस. त्याने पेढा भरवला आणि विचारलं, "तेरे पेपर में क्या आया था?" मी घड्याळवाल्याची गोष्ट सांगायला लागलो. तो म्हणाला, "अच्छा? घड़ी थी उसमें?"

त्या पावसाळ्यात गाईडाची नवी आवृत्ती निघाली. सगळं पुन्हा जुळवायचं होतं. बाईंनी या वेळी मालकांकडे हट्ट धरून पानांची प्रूफंही मागितली, आणि मी बाराव्याखाली बाराव्याचं आणि सतराव्याखाली सतराव्याचं उत्तर बसवलं. मला वाटलं, बोंब होणार. मागच्या वर्षीच्या वह्या आणि यंदाचं गाईड जुळणार नाही, सर धावत येतील, मालक हाक मारतील. महिनाभर मी जिन्यावर पाऊल वाजलं की दचकायचो.

काही झालं नाही. ऑक्टोबरच्या बॅचला मी पुन्हा गच्चीवर बसलो. सरांनी पुकारलं, "उतारा बारा, प्रश्न पहिला!" आणि सगळी बॅच झुलत म्हणाली, "बिकॉज हर आइज वेअर वीक!" तोच सूर, तीच मान, चेहऱ्यावर तसूभर फरक नाही. खोटं उत्तर गेलं, खरं आलं, कोणाला पत्ता नाही. त्या दिवशी माझ्या मनातली भीती गेली आणि तिच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही. असल्या शिक्षणापुढे मी इतके महिने कुत्र्यासारखा घाबरून होतो!

पण क्वार्टर मला हवंच होतं. सरकारी छापखान्याची जाहिरात येणार अशी बातमी होती, आणि तिसरी संधी मिळेल याची खात्री नव्हती. ऑक्टोबरच्या पेपरला मी बसलो, उताऱ्याचं पान उघडलं आणि ठरवून नजर खाली प्रश्नांवर नेली. मोठा शब्द धरला. वर शोधला. पहिल्या अक्षरापासून टिंबापर्यंत वाक्य उतरवलं. चारही प्रश्न मिळून सात मिनिटं. हस्तलिखितातला आकार बघून खिळा उचलायचा, तेच काम. त्यात मी पटाईत होतो. मग विरुद्धार्थी शब्द, पोस्टमास्तर. माझी आईसुद्धा पहाटे पाचला उठली आणि तिने देवाला फुलं वाहिली.

इंग्रजीत एक्केचाळीस.

नोकरी लागली. क्वार्टर मिळालं, दार मिळालं, कुलूप मिळालं. त्याच नोकरीचं पेन्शन आज खातो, तापीपासून लांबच. ज्यांनी ज्यांनी हात दिला त्या सगळ्यांचा ऋणी आहे, आणि त्यात सरांना धरावं लागतं, याचा मला अजून राग येतो.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा पेढे घेऊन मी बसने देवळाली कॅम्पला बाईंच्या घरी गेलो. त्यांनी पत्र चष्मा लावून पूर्ण वाचलं, सही कोणाची तेही वाचलं. मग मला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसल्या, पेढा हातात घेतला आणि मांडीवर हात ठेवून, गोष्ट ऐकायला बसतात तशा पुढे सरकल्या.

"हं. या वेळी काय होतं रे उताऱ्यात?"

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. एक पूल होता बहुतेक. ब्रिज हा शब्द मी दोनदा उतरवला होता.